चांदणीतलं मीठ

"पऱ्हाटी मी आणतो. पण गोठ्यातले बैल माह्येच राह्यतीन, आताच सांगून ठेवतो," कडूबा म्हणाला आणि दवाखान्याच्या ओट्यावर मांडी घालून बसला.

नाताळच्या सुट्टीचा तो पहिला दिवस होता. मोताळ्याबाहेर, बुलढाण्याच्या रस्त्याला मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथल्या नर्स सिंधूताईंच्या हातून गावातली निम्मी पोरं जन्माला आली होती. त्यामुळे ताईंच्या घरचा सण आला की ती पोरं न बोलावता ओट्यावर जमत. सजावटीचं सामान गावातलंच असे. वेचणी झालेल्या वावरातली एक डौलदार पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळकं झाड, उपटून आणायची आणि तेलाच्या डब्यात मातीत रोवायची. तिच्यावर मुद्दाम ठेवलेला थोडा कापूस म्हणजे बर्फ. कापूस काढून घेतलेली बोंडं चुन्यात बुडवली की त्यांची पांढरी फुलं होत.

येशूचा जन्म गोठ्यात झाला हे कळल्यापासून कडूबा दरवर्षी ज्वारीच्या धांड्यांची बैलजोडी करून त्या गोठ्यात बांधत असे. मागच्या वर्षी त्याने शेजारी छकडाही उभा केला होता. तिकडे छकडे नसतील, असं ताई म्हणाल्या, तेव्हा त्याने विचारलं, मग बाळाची आई एवढ्या लांब आली कशात? गाढवावर, असं उत्तर मिळालं. कडूबाला त्या बाईची फार दया आली आणि छकडा तिथेच राहिला.

चांदणी मात्र कोकिळाची. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद आणि पोटात कंदील. नाताळच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ती फाटकाजवळच्या कडुनिंबावर चढवत. जिने चांदणी केली तिनेच दोर ओढायचा, असा तिथला नियम होता. दोर ओढला जाई तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या बैलगाड्याही थांबत. कोकिळा सातवीत होती. शाळेत तिच्याकडे कुणी वळून पाहावं असं वर्षभरात काही घडत नसे. त्या एका संध्याकाळी अख्खा गाव मान वर करून तिच्या हातचं काम बघत असे.

खळ कशी शिजवायची, हे ती नजीरच्या दादीकडून, बिस्मिल्लाबींकडून शिकली होती. नजीर तिच्याच वर्गातला. त्याच्या घरी पतंग होत आणि मोहरमचे ताबूतही. बिस्मिल्लाबींच्या खळीत मोरचुदाची एक चिमूट असे. त्या निळ्या खड्यांना त्या मुलांना हात लावू देत नसत. चिमूट स्वतः टाकत आणि मग सगळ्यांना हात धुवायला लावत. त्या चिमटीमुळे कडू झालेल्या कागदाला उंदीर, झुरळं, कुणीच तोंड लावत नसे.

यंदा ओट्यावर आणखी एक मुलगी बसली होती. सिंधूताईंची भाची एस्तेर, नागपूरहून आलेली. तिच्यापाशी नागमोडी कापणारी कात्री होती. चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद होता आणि चांदणी आखायला शाळेचा कंपास होता. तिने जुन्या वर्तमानपत्रावर चांदणी काढून दाखवली. पाचही टोकं एकसारखी.

कडूबा त्या चित्रावर वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "कोकिळे, तुह्या चांदणीचं एक टोक लांब राह्यते, नाही वं?"

कोकिळाला हे ठाऊक होतं. आजवर दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

सिंधूताई म्हणाल्या की यंदा चांदणी एस्तेरला करू द्यावी, ती पाहुणी आहे, आणि कोकिळाने कागदाच्या साखळ्या कराव्यात. कोकिळा "हाव" म्हणाली. नंतर दिवसभर ती हिरव्या-लाल कड्या एकमेकींत अडकवत राहिली आणि दर थोड्या वेळाने तिची नजर त्या कात्रीवर जात राहिली. कात्री तिला नको होती. ती एस्तेरच्या हातून बिघडावी, एवढंच तिला वाटत होतं. कात्री बिघडली नाही. उलट एस्तेरने उरलेल्या कागदाच्या झालरी कापल्या आणि कडूबाच्या बैलांना झुली केल्या. कडूबा विरघळलाच.

दुसऱ्या दिवशी एस्तेर एकटीच कोकिळाशेजारी येऊन बसली. तिने गव्हाच्या पिठाची खळ केली होती, पण कागद कामटीवरून सुटत होता. कोकिळाच्या साखळीतली एकही कडी सुटली नव्हती.

"तुझ्या खळीत काय घालतेस?" एस्तेरने विचारलं.

नजीर तेव्हा घरी गेला होता. कोकिळाने मान वर केली नाही. खळ घट्ट शिजवायची, एवढं सांगून भागलं असतं. मोरचूद सांगितलं असतं, तर बिस्मिल्लाबींनी आनंदाने चिमूट टाकून दिली असती. कोकिळाच्या तोंडून भलतंच निघालं.

"मीठ," ती म्हणाली. "मूठभर."

एस्तेरने तिचे आभार मानले आणि चंदेरी कागदाचा एक चौकोनी तुकडा तिच्या हातावर ठेवला. कोकिळाने तो परकराच्या ओच्यात खोचला. तो तिला दिवसभर टोचत राहिला. कागद मऊ होता, तरीही.

मिठाने काही बिघडलं नाही. एस्तेरने या वेळी खळ जास्त वेळ शिजवली होती, त्यामुळे कागद पक्का बसला. संध्याकाळपर्यंत चांदणी उभी राहिली. लाल कागद, चंदेरी कडा, पाच सारखी टोकं. बिस्मिल्लाबी ताप आल्यामुळे औषधाला आल्या होत्या. त्यांनीसुद्धा चष्मा सावरून ती उलटसुलट पाहिली. कोकिळाची चांदणी त्यांनी कधी उलटून पाहिली नव्हती. चांदणी आणि साखळ्या मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवल्या. कंपाउंडर भाऊरावांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खाकी कोटाच्या खिशात टाकली.

पुढच्या दिवशी उन्हं कलल्यावर सिंधूताई कंदिलाचं माप घ्यायला मागच्या खोलीत गेल्या. चांदणी जमिनीवर पडली होती. कामट्या वाकल्या होत्या. कागद नव्हताच. शेजारच्या साखळ्या जशाच्या तशा होत्या.

एस्तेर रडली नाही. तिने साखळ्यांकडे पाहिलं, मग कोकिळाकडे.

भाऊराव म्हणाले, कुलूप तर आपण स्वतः लावलं होतं. मग जरा थांबून म्हणाले की दुपारी कोकिळा मागच्या खिडकीशी उभी दिसली होती. खिडकीच्या गजांतून हात आत जातो.

हे खरं होतं. कोकिळा खिडकीशी गेली होती.

सिंधूताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सांगितलं, "कोकिळा, नाताळ होईपर्यंत इकडे नाही आलीस तरी चालेल." त्यांनी आवाज चढवला नाही. त्यामुळे ओट्यावर बसलेल्या सगळ्या रोग्यांना तो नीट ऐकू गेला.

गावाच्या वाटेवर नजीर आणि कडूबाने तिला गाठलं. कडूबाने सरळ विचारलं, "खिडकीशी काऊन गेलती?"

"चांदणी पाह्याले."

"ते तं ओट्यावरच पाह्यली होती."

"खराब झाली असंन तं पाह्याले," कोकिळा म्हणाली. "वाटलं, रातच्यानं कागद सुटला असंन. सुटला नव्हता. मंग मी घरी गेली."

नजीरने शांतपणे सांगितलं की त्याचा तिच्यावर विश्वास आहे, पण त्याच्या विश्वासाने ताईंचं समाधान होणार नाही. आधी ती चांदणी पाहायला हवी.

मोडका सांगाडा दवाखान्यामागच्या उकिरड्यावर टाकलेला होता. तिघे कुंपणाच्या फटीतून आत शिरले. नजीरचं बालपण फाटक्या पतंगांत गेलेलं होतं. त्याने एक कामटी उचलून उन्हात धरली. कागद फाडला तर खळीखाली अडकलेल्या चिंध्या कामटीवर उरतात, असं त्याने दाखवलं. इथे एकही चिंधी नव्हती. खळसुद्धा नव्हती. कामटी घासल्यासारखी स्वच्छ होती. चंदेरी कागदाच्या मात्र चावून थुंकलेल्या गोळ्या पडल्या होत्या.

"हे फाडलं नाही," नजीर म्हणाला. "खाल्लं."

मग कोकिळाला खिडकीपाशी पाहिलेलं आणखी काही आठवलं. ती पळाली ती भाऊरावांना पाहूनच. ते कोपऱ्यावरून येत होते आणि त्यांच्या बगलेत बोरीच्या पाल्याची जुडी होती.

कडूबा हसायला लागला. "माणूस कितीही येडा असला तरी बोरीचा पाला खात नाही."

भाऊरावांना एक बकरी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पावसाळ्यात तिने वाळत घातलेल्या जखमेच्या पट्ट्या खाल्ल्या होत्या. तेव्हा ती आवारात पुन्हा दिसता कामा नये, असं सिंधूताईंनी बजावलं होतं. भाऊरावांनी तिला दुसरबीडला बहिणीकडे पाठवल्याचं सांगितलं होतं. पण भाऊरावांच्या चहाला अजून बकरीच्या दुधाचा वास येतो, हे कडूबाने आता आठवून सांगितलं. सकाळी ताई रोग्यांत गुंतलेल्या असत. दुपारी मात्र त्या झाडांना पाणी घालत आवारभर फिरत. त्या वेळी बकरी लपवायला मागच्या खोलीइतकी सोयीची जागा नव्हती.

सगळं जुळत होतं. एक गोष्ट सोडून, आणि ती नजीरच्या लक्षात आली.

"तुह्या साखळ्या तिथंच होत्या. तुह्या खळीत मोरचूद हाय, म्हणून त्या सोडल्या. मंग एस्तेरच्या खळीत काऊन नव्हतं? तिनं तुलेच इचारलं असंन ना?"

कोकिळा उकिरड्याकडे बघत राहिली. नजीर एवढंच म्हणाला, "बरं. दोरा लागंन. लांब."

भाऊरावांना नुसतं विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मोठ्या माणसाच्या शब्दापुढे पोरांचं कोण ऐकणार होतं? म्हणून बकरीकडूनच वदवून घ्यायचं ठरलं. कोकिळाने घरी एक लहान चांदणी केली. गव्हाच्या पिठाची खळ, त्यात मूठभर मीठ. मिठासाठी बकरी कामटीसुद्धा चाटून काढते, हे आता तिला कळलं होतं. तिने मीठ कमी केलं नाही. नजीरने पतंगाचा साधा दोरा आणला. कडूबाने बैलाच्या गळ्यातल्या माळेतलं एक घुंगरू सोडवून आणलं. बैलाने त्याला ते सुखाने घेऊ दिलं नाही, हे कडूबाच्या खरचटलेल्या कोपरावरून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूताई आणि एस्तेर ओट्यावर पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. बाकावर भाऊराव तोंडावर रुमाल घेऊन झोपले होते. नजीरने काठीच्या टोकाने ती लहान चांदणी खिडकीतून आत, टेबलाच्या कडेला ठेवली. तिला बांधलेला दोरा भिंतीच्या कडेने पुढे आणला आणि ओट्याच्या खांबाला घुंगरू टांगलं. सिंधूताईंनी विचारलं, हे काय? कडूबाने सांगितलं की नाताळची सजावट आहे. कोकिळाला आत यायची बंदी होती, म्हणून ती फाटकाबाहेर उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. एस्तेरने फाटकाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग घुंगरू वाजलं. एकदा, थांबून पुन्हा, आणि मग सारखं. सिंधूताईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. वारा अजिबात नव्हता.

"ताई, हा दोरा कुठं जाते ते पाहा ना," नजीर म्हणाला.

ताई दोऱ्यामागे निघाल्या. त्यांच्यामागे एस्तेर, दोन रोगी आणि कडूबा. दोरा भिंतीला वळसा घालून खिडकीतून आत जात होता आणि आतून कुणीतरी त्याला झटके देत होतं. भाऊराव धडपडत आले. किल्ली मागितल्यावर म्हणाले की ती सापडत नाही, आणि आत तर काहीच नाही. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मेंऽऽ."

किल्ली लगेच सापडली. दार उघडलं तेव्हा बकरी टेबलाजवळ उभी होती. तिच्या तोंडातून चांदणीचं शेवटचं टोक बाहेर आलं होतं आणि ओठाखाली दोरा लोंबत होता. तिने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि चघळणं चालू ठेवलं.

भाऊरावांनी आधी कोटाची बटणं लावली. "म्या पोरीवर आळ घेतला नाही, ताई. खिडकीशी होती, एवढंच बोललो."

"तुम्ही तेवढंच बोललात," सिंधूताई म्हणाल्या. "बाकीचं मी बोलले." मग त्या चालत फाटकापर्यंत गेल्या, कोकिळाचा हात धरून तिला आत आणलं आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. भाऊरावांना मान वर करता येईना. कोकिळाला तर त्याहून करता येईना.

एस्तेर टेबलापाशी होती. तिने एक साखळी उचलून वास घेतला, उजेडात धरली. जोडांवर खळीचे फिकट हिरवट डाग होते. "बकरीने या का नाही खाल्ल्या?" तिने विचारलं. "खळ तर सारखीच आहे."

कडूबाने नजीरकडे पाहिलं. नजीर दोरा गुंडाळत होता, आणि तेवढ्यातच त्याचं सगळं लक्ष होतं. कोकिळाला कळलं की तो बोलणार नाही. आज बोलणार नाही आणि पुढेही कधी बोलणार नाही. ती गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. ती निर्दोष ठरली होती. ताईंचा हात अजून तिच्या खांद्यावर होता.

"सारखी नाही," ती म्हणाली. "माह्या खळीत मोरचूद असते. ते कडू लागते, म्हणून कोणी खात नाही. मी तुले मुद्दाम नाही सांगतलं. मीठ सांगतलं, ते खोटं होतं. तुही चांदणी माह्यापेक्षा चांगली झाली होती."

खांद्यावरचा हात हलला, पण निघाला नाही. बकरीसुद्धा क्षणभर चघळायची थांबली.

एस्तेर साखळी हातात घेऊन उभी होती. तिचे कान लाल झाले. "तू मूठभर सांगितलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "मी दोन मुठी घातलं."

"काऊन?"

"तुझ्याहून पक्की व्हायला हवी होती. कडूबाचे बैल, नजीरच्या घरचा कागद, सगळं इथे तुमचंच. सगळे सारखे सांगत होते, कोकिळा अशी करते, कोकिळा तशी करते. मला ती चांदणी तुझ्यासारखी नको होती. तुझ्याहून मोठी हवी होती."

कोकिळाने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. एवढी चांगली कात्री असलेल्या मुलीलाही आपला हेवा वाटू शकतो, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिला ते थोडं आवडलं. मग आवडल्याची लाज वाटली.

नाताळ दुसऱ्या दिवशी होता आणि त्याच संध्याकाळी दिवेलागणीला चांदणी चढायला हवी होती. बिस्मिल्लाबींनी ताप अंगात असतानाच चुलीवर खळ चढवली. कोकिळाने एस्तेरला त्यांच्याशेजारी बसवलं, पीठ किती, पाणी किती, कधी ढवळणं थांबवायचं, सगळं सांगितलं. मोरचुदाची चिमूट बिस्मिल्लाबींनी टाकली आणि दोघींना हात धुवायला लावले. आकृती एस्तेरने कंपासने काढली. कामट्या कोकिळाने बांधल्या. दोघींचं दोनदा भांडण झालं, एकदा रंगावरून आणि एकदा उगाच. चंदेरी कागद संपला होता. कोकिळाने ओच्यातला चुरगळलेला चौकोन काढला, मांडीवर घासून सपाट केला आणि मधोमध चिकटवला.

दवाखान्यासमोर माणसं जमली. पऱ्हाटीवरच्या कापसाखाली कडूबाचे बैल झुली घालून उभे होते. छकडाही होता. सिंधूताईंनी घुंगरू खांबावरच राहू दिलं आणि आलेल्या प्रत्येकाला ते वाजवून दाखवलं. नजीरच्या दोऱ्याचं आणि कडूबाच्या नाकाचं त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. बकरीला आवारात राहायची परवानगी मिळाली, पण फाटकाजवळ, सगळ्यांना दिसेल अशी बांधून. तिला रोज पाणी दाखवायचं काम भाऊरावांकडे आणि पट्ट्या राखायचं कामही भाऊरावांकडेच.

कोकिळाला ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "बकरी तर त्या दोघांनीही पकडली असती. पुढचं तुझ्याशिवाय कुणी करू शकलं नसतं." आणि दोर तिच्या हातात दिला.

कोकिळाने दोराचा अर्धा भाग एस्तेरकडे केला. दोघींनी ओढला. चांदणी हेलकावे खात कडुनिंबाच्या फांदीपर्यंत गेली, आतल्या कंदिलाने लाल कागद उजळला. रस्त्यावर एक बैलगाडी थांबली. बकरीने मान उंचावून चांदणीकडे पाहिलं आणि निराश होऊन पाल्याकडे वळली.

बिस्मिल्लाबी शाल गुंडाळून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरला. "अच्छी बनी," त्या म्हणाल्या. "बहुत अच्छी. एक कोना जरा लंबा है."

"ते हिचं," दोघी एकमेकींकडे बोट दाखवत एकदमच म्हणाल्या.